कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेरची मुले

२० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापूर स्थानकातील रुळांवर उतरलेल्या जमावाने कर्जतकडे जाणारी लोकल वाहतूक सुमारे दहा तास रोखून धरली. लांब पल्ल्याच्या गाड्या पनवेलमार्गे वळवाव्या लागल्या आणि नेरळ, भिवपुरी, कर्जत येथील चाकरमान्यांचा दिवस फलाटावरच गेला. एका शाळेच्या शिशुवर्गातील दोन बालिकांवर झालेला अत्याचार आणि त्याची फिर्याद नोंदवून घेण्यास झालेला अक्षम्य विलंब ही त्या संतापाची कारणे होती. दुसऱ्याच दिवशी शासनाचा आदेश निघाला. शाळाशाळांतून सीसीटीव्ही कॅमेरे महिन्याभरात बसवावेत, कर्मचाऱ्यांची पूर्वपीठिका तपासून घ्यावी, तक्रारपेटी ठेवावी आणि ती नियमाने उघडावी, 'सखी सावित्री' समित्या स्थापाव्यात, असे त्यात सांगण्यात आले. या समित्यांचा आदेश २०२२ मध्येच निघालेला होता; तो पुन्हा काढावा लागला, यातच पहिल्या आदेशाचे काय झाले ते येते. उच्च न्यायालयाने स्वतःहून प्रकरणाची दखल घेतली आणि निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव व शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली एक समिती उपाययोजना सुचविण्यासाठी नेमण्यात आली.

हे सारे योग्यच झाले. तथापि ज्या मार्गावरील लोकल त्या दिवशी थांबल्या, त्या मार्गाचे एक टोक कर्जत आहे आणि तेथून पुढे जो मुलूख सुरू होतो त्याच्या डोळ्यांनी हा आदेश वाचून पाहिला, तर काही वेगळेच प्रश्न उभे राहतात. कर्जतहून कशेळेमार्गे खांडसकडे, म्हणजे भीमाशंकरच्या पायथ्याकडे जाणारा रस्ता घ्यावा, की खालापूर तालुक्यात चौकच्या वर इर्शाळगडाच्या अंगाखांद्यावर चढावे? दोन्हीकडे ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या डोंगरउतारांवर विखुरलेल्या आहेत. एका खोलीची जिल्हा परिषदेची शाळा, एक किंवा दोन शिक्षक, शेजारी असली तर अंगणवाडी, आणि पाचवीनंतर घर सोडून आश्रमशाळा, असा तेथील मुलाचा शिक्षणक्रम असतो. खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले; या दोन तालुक्यांतून कोसळणाऱ्या पाण्याने मुंबईच्या गिरण्या आणि ट्रामगाड्या चालविल्या. त्याच डोंगरांतील शाळेत पावसाळ्यात चार चार दिवस वीज नसते, आणि कॅमेरा मात्र विजेवर चालतो.

कॅमेऱ्याचा उपहास करण्याचे कारण नाही. शहरातील मोठ्या शाळेत, जेथे शंभर-दीडशे माणसे ये-जा करतात, तेथे त्याचा उपयोग आहेच. परंतु कॅमेरा घडलेल्या गोष्टीचा साक्षीदार असतो. ती गोष्ट घडू न देणारा कोणी तरी आधी तेथे असावा लागतो. तक्रारपेटीचेही तसेच आहे. बदलापूरच्या त्या बालिका शिशुवर्गातील होत्या. त्यांना अक्षरओळखही झालेली नव्हती. त्यांनी जे सांगितले ते घरातल्या मोठ्या माणसांना, आपल्या शब्दांत सांगितले, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणारी माणसे घरात होती म्हणूनच प्रकरण पुढे गेले. लहान मुलाची तक्रार ही पेटीत पडणारी वस्तू नाही. ती पोट दुखते म्हणून येते, शाळेत जायचे नाही म्हणून येते, अचानक अबोल झालेल्या चेहऱ्यातून येते.

कातकरी मुलाच्या बाबतीत यात आणखी एक अडसर आहे, तो भाषेचा. घरची बोली निराळी आणि गुरुजींची मराठी निराळी. पहिलीतले मूल 'काय झाले?' या साध्या प्रश्नालाही गप्प राहते, ते कित्येकदा प्रश्न न कळल्यामुळे; आणि शिक्षक त्याची गणना मंद मुलांत करून मोकळा होतो. ज्या शाळेत मुलाचे दुखणे त्याच्याच शब्दांत समजणारे एकही प्रौढ माणूस नाही, ती शाळा, तिच्या भिंतीवर कितीही आदेश चिकटविलेले असोत, सुरक्षित म्हणता येणार नाही. अंगणवाडीच्या मदतनीस बाई बहुधा त्याच वाडीतल्या असतात. त्यामुळे कित्येक ठिकाणी मुलाची नाडी सर्वांत अचूक ओळखणारी व्यक्ती सर्वांत कमी मानधनावर काम करीत असते. या बायकांना पगार नव्हे, मानधन मिळते. २०२३ च्या डिसेंबरात राज्यातील अंगणवाडी कर्मचाऱ्यांनी पुकारलेला संप दीड महिन्याहून अधिक काळ चालला तो अशाच प्रश्नांवर.

'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर सरकारी झाला आहे. पण तो जन्माला आला तो महाराष्ट्राच्या आदिवासी भागातच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम उभे केले, त्यात त्यांना लवकरच उमगले की आदिवासी मूल बालवाडीकडे येत नाही. कारण ते धाकट्या भावंडाला सांभाळत असते, नाही तर गुरांमागे असते. तेव्हा बालवाडी उचलून पाड्याच्या अंगणात नेण्यात आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलांना आधी न्हाऊ-माखू घालणे, नखे काढणे, काहीतरी खाऊ घालणे आणि मग गाणी-गोष्टी, असा तेथील क्रम होता. आरोग्य हा शिक्षणाला जोडलेला परिशिष्टाचा भाग नव्हता, तो पहिला तास होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा नाव अंगणाचे आले. पण अंगणात जाण्याची वृत्ती फाइलीत कितपत उतरली, हा प्रश्न पन्नास वर्षांनंतरही शिल्लक आहे.

योजनेचा तक्ता मोठा चोख आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वर्षातून ३०० दिवस, रोज ५०० उष्मांक आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने. तीव्र कुपोषित मुलास ८०० उष्मांक. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला की ते मूल तीव्र कुपोषित ठरते, आणि अशा मुलाला साध्या हगवणीने वा तापाने दगावण्याचा धोका धडधाकट मुलापेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. पण हे मोजमाप करायला मूल वाडीत हवे! दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर निघतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडण्यासाठी गेलेली ही माणसे मृग जवळ आल्यावर परततात. मधल्या सहा-सात महिन्यांत मूल एका अंगणवाडीच्या पटावर असते आणि देहाने दुसऱ्याच तालुक्यातील भट्टीवर, मातीच्या ढिगाशेजारी, राखेच्या धुराळ्यात असते. त्याचे वजन होत नाही, लसीची तारीख उलटते, आणि जूनमध्ये ते परत येते तेव्हा पटावरच्या आकड्याशी त्याचे काहीच जमत नाही. स्थलांतर करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवले की मुक्कामाच्या गावातील शाळेने मुलाला बसवून घ्यावयाचे असते. चार वर्षांच्या मुलाच्या वजनाचा तक्ता असाच त्याच्याबरोबर भट्टीवर का जाऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवर 'भोंगाशाळा' चालविल्या गेल्या. म्हणजे मुलामागे शाळा जाऊ शकते हे सिद्ध झालेले आहे.

रात्रीची शाळा

आश्रमशाळेची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तेथे शाळा सुटत नाही. सकाळी अकरा ते पाच एवढीच जबाबदारी असलेली शाळा आणि चोवीस तास, वर्षाचे नऊ-दहा महिने मुलाचे घर झालेली शाळा यांना एकाच मापाने मोजता येत नाही. राज्यात शासकीय आश्रमशाळा पाचशेच्या आसपास आहेत आणि अनुदानित त्याहून काही अधिक. कर्जत-खालापूर भागातील शाळांचा कारभार पेणच्या प्रकल्प कार्यालयातून चालतो. सहा-सात वर्षांचे मूल आईच्या कुशीतून उठून शंभर-दोनशे मुलांच्या निवासात येते, आणि रात्री नऊनंतर त्याच्यासाठी शासन म्हणजे एक अधीक्षक किंवा अधीक्षिका, एखादा कामाठी आणि एक पहारेकरी. आश्रमशाळांतील विद्यार्थ्यांच्या मृत्यूंची चर्चा विधिमंडळात वर्षानुवर्षे होत आली आहे. डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने याच प्रश्नाचा अभ्यास केला. ताप, सर्पदंश, बुडणे, रुग्णालयात उशिरा पोहोचणे, अशी कारणे या मृत्यूंमागे पुन्हा पुन्हा दिसतात. यांपैकी बहुतेकांवर उपाय ठाऊक आहेत आणि ते महागही नाहीत.

सर्पदंशाचेच पाहावे. पावसाळ्याच्या तोंडावर उंदरांमागे घरात शिरणारा मण्यार हा निशाचर साप आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला तो झोपेतच दंश करतो. दात इतके बारीक की खूण सापडत नाही, वेदना जवळजवळ नाही, सूज नाही. मूल मध्यरात्री पोट दुखते म्हणून उठते. अधीक्षक ओव्याचा अर्क देऊन त्याला निजवतो, त्यात त्याचा दोष काय? पहाटे मुलाच्या पापण्या जड होऊन मिटू लागतात, घास गिळवत नाही, आवाज घोगरा होतो, आणि श्वासाचे स्नायू थकत जातात. प्रतिविष उपलब्ध आहे; नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकच लस चालते आणि मुंबईच्या हाफकिन संस्थेत ती पिढ्यानुपिढ्या तयार होत आली आहे. पण प्रतिविष मिळेपर्यंत श्वास टिकला पाहिजे, आणि त्यासाठी 'पोटदुखी आणि मिटणारे डोळे' ही जोडी पाहताच १०८ क्रमांक फिरवायचा, एवढे त्या रात्री जागे असणाऱ्या माणसाला कोणीतरी शिकविलेले असले पाहिजे. त्याच्याही आधीचा उपाय म्हणजे लोखंडी खाट आणि गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली मच्छरदाणी. मण्यारापासून आणि हिवतापाच्या डासापासून ती एकाच खर्चात संरक्षण देते.

याच जिल्ह्यातील विंचवाचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. महाड तालुक्यात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर १९७६ मध्ये रुजू झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने मुले डोळ्यांदेखत दगावताना पाहिली. हृदय थकून फुप्फुसात पाणी भरते, हे त्यांनी रात्र रात्र रुग्णाशेजारी बसून टिपून ठेवले. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी त्यांनी वापरली आणि गंभीर रुग्णांत शंभरात तीस-चाळीस असलेले मृत्यूचे प्रमाण एकावर आले. येथे मोठे रुग्णालय नव्हते, यंत्रे नव्हती. मुलाशेजारी बसलेला आणि काय घडते आहे ते नीट पाहणारा एक माणूस होता. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ती गोळी आज खांडसच्या वाटेवरील प्रत्येक निवासी शाळेला परिचित आहे का, हे मात्र कोणत्याही तपासणी अहवालात विचारले जात नाही.

मोठ्या संकटांची वार्ता होते. खरजेची होत नाही. खरे तर निवासी शाळेची खरी परीक्षा खरूजच घेते. एका मुलाला झाली की पंधरवड्यात खोलीभर पसरते. मलम एकालाच लावून उपयोग नसतो. सगळ्यांना एकाच दिवशी लावावे लागते आणि त्याच दिवशी सर्वांची अंथरुणे-पांघरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावी लागतात. म्हणजे प्रश्न औषधाचा राहत नाही, पाण्याचा होतो. ज्या तालुक्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी कोसळते, त्याच तालुक्यातील वाड्या एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहतात. पाणी नाही म्हणून स्वच्छतागृहाला कुलूप, आणि कुलूप म्हणून मुली अंधारात ओढ्याकडे जातात. आरोग्याचा आणि मुलींच्या अब्रूचा प्रश्न येथे एकाच नळाशी येऊन थांबतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. त्यांच्या तक्त्यात खरजेची नोंद असते. तिच्यापुढे 'पाणी उपलब्ध आहे काय?' असा रकाना असता तर अधिक उपकार झाले असते.

स्वयंपाकघराबाबत देशाने फार मोठी किंमत मोजून दोन धडे घेतले आहेत, आणि योगायोग असा की दोहोंची तारीख एकच आहे. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या गवती स्वयंपाकघरातील ठिणगीने ९४ मुले जळून मेली. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील छपऱ्याजवळच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या तेलात शिजवलेले अन्न खाऊन २३ मुले दगावली. मुलांना वाढण्यापूर्वी शिक्षकाने अन्न चाखावे, हा नियम तेव्हापासून काटेकोरपणे बजावला जातो. एकशिक्षकी शाळेत मात्र चाखणारा, शिकवणारा, निवडणुकीच्या याद्या लिहिणारा आणि बँकेत जाणारा गुरुजी एकच असतो. तो तालुक्याला सभेसाठी गेला की शाळेतली सर्वांत मोठी व्यक्ती चौथीतली मुलगी असते.

इर्शाळवाडीची रात्र

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. मोटार जाण्याजोगा रस्ता नव्हता. चिखलातून तास-दीड तासाची चढण चढून जवान आणि गिरिमित्र पोहोचले; यंत्रसामग्री वर नेता आली नाही. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचे नावच नव्हते. त्या रात्री वाडीपासून बाजूला असलेल्या शाळेच्या इमारतीत काही तरुण पोरे मोबाइलवर खेळत जागी होती. पहिली आरोळी त्यांनी दिली. आणि आश्रमशाळेत मुक्कामाला असलेली मुले वाचली. सकाळी त्यांना कोणी तरी सांगितले असेल की घर उरले नाही, आई-बाप उरले नाहीत.

ज्या निवासी शाळांविषयी इतके दोष काढावे लागतात, त्याच शाळांच्या छपराखाली ती मुले त्या रात्री जिवंत राहिली, हे विसरून चालणार नाही. 'आश्रमशाळा बंदच करा' असे जे अधूनमधून म्हटले जाते ते म्हणूनच पटत नाही. डोंगरातल्या मुलाला तिची गरज आहे. पण दरडीने घर गेलेल्या मुलाचे घर ती होणार असेल, तर एरवीच्या तीनशे रात्रींतही तिने घरासारखे असावयास हवे. आणि शाळेची इमारतच कोणत्या उतारावर उभी आहे, तिच्यावरचा डोंगर कोणी पाहिला आहे काय, हे तळिये (२०२१) आणि इर्शाळवाडीनंतर तरी प्रत्येक वाडीगणिक विचारले गेले पाहिजे. भूवैज्ञानिकांच्या यादीची वाट पाहण्यापूर्वी वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारावे. कोणत्या बाजूला जमिनीला भेगा पडतात आणि कोणता झरा अलीकडे गढूळ वाहू लागला, हे त्यांना ठाऊक असते.

याच कर्जत तालुक्यात भाई कोतवालांनी वकिली बाजूला ठेवून शेतकऱ्यांसाठी धान्याची कोठारे उभारण्याचा आणि वाड्यावस्त्यांवर शाळा काढण्याचा उद्योग केला होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना वीरमरण आले. त्यांचे स्मारक आहे, तेथे दरवर्षी मानवंदना होते. पोट आणि पाटी ही दोन निराळी खाती आहेत, असे त्यांना कधी वाटले नाही. आज अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, शाळा शिक्षण खात्याकडे, आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याकडे, परिचारिका आरोग्य खात्याकडे आणि पाणी आणखी कोणाकडे. मूल एकच असते, आणि ते या पाच कचेऱ्यांच्या मधल्या फटीत हरवते. कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे, कशेळे आणि चौकला ग्रामीण रुग्णालये आहेत. तेथील वैद्यकीय अधिकारी, प्रकल्प कार्यालयाचा प्रतिनिधी आणि गटशिक्षणाधिकारी महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती बसून फक्त मुलांची नावे वाचू लागले, टक्केवारी नव्हे, नावे, तरी कितीतरी गोष्टी उघड होतील. कोणते मूल भट्टीवर गेले, कोणाचा ताप तिसऱ्यांदा आला, कोणती मुलगी दिवाळीनंतर परत आली नाही आणि का आली नाही. हा शेवटचा प्रश्न तर अत्यंत गांभीर्याने विचारला पाहिजे. २०१२ च्या 'पोक्सो' कायद्यानुसार अत्याचाराची माहिती असूनही ती पोलिसांना न देणे हा गुन्हा आहे. मुख्याध्यापक आणि अधीक्षकांपैकी कितीजणांना ती तरतूद समजावून सांगण्यात आली आहे, आणि ती आपल्याच सहकाऱ्याविरुद्ध पाळावी लागली तर त्यांच्या पाठीशी कोण उभे राहणार आहे?

शाळा जूनच्या मध्यास उघडतात. त्याच सुमारास पहिला पाऊस बिळांत शिरतो आणि मण्यार बाहेर पडतो. खाटा, मच्छरदाण्या आणि रात्रपाळीच्या एका परिचारिकेची नेमणूक यांचे प्रस्ताव पेणहून वर जाऊन, मंजूर होऊन, निविदा निघून परत यावयाचे असतील, तर ते जानेवारीत निघावे लागतात. एरवी ते गणपतीच्या सुमारास येऊन पोहोचतात, आणि तोवर निम्मा पावसाळा मुले फरशीवर झोपलेली असतात.